नाटकातला गळा आणि तबकडीवरचे गाणे

श्रोतेहो, नाटकात पदे गाणारा गायक भावगीताकडे वळला, की आपल्यातले पुष्कळजण चटकन म्हणतात, "मोठे गाणे सोडले आणि सोपे धरले!" हे कितपत खरे आहे, ते ज्योत्स्ना भोळे यांच्या गाण्यावरून ताडून पाहू या.

ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या. जन्म १९१४ सालचा, माहेरचे नाव दुर्गा केळेकर. त्या रंगभूमीवर आल्या तेव्हा जुन्या संगीत नाटकाचे संस्कार लोकांच्या कानांत ताजे होते. किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'त शंभराहून अधिक पदे होती. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा, म्हणजे गळा मोकळा सोडलाच पाहिजे. पुढे ताना-आलापांची चढाओढ लागली. 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा. तोवर नाटकाची गोष्ट आपली खोळंबलेली!

१९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि ज्योत्स्नाबाई त्यांपैकी एक. संगीत त्यांचे पती केशवराव भोळे यांचे. पदे मोजकी, आटोपशीर आणि प्रसंगाला धरून. भावगीताची वाट इथेच, नाटकात, उघडली म्हणा ना.

आता तबकडीचे पाहा. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात मुखडा, अंतरे, वाद्ये, सगळे बसवायचे. त्यात मायक्रोफोन अगदी तोंडाशी. तो श्वाससुद्धा टिपतो, शब्द चुकीच्या जागी तुटला तर तेही टिपतो. तान घेऊन वेळ मारून नेण्याची सोयच नाही. मग हे गाणे सोपे कसे?

राजा बढे यांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल असलेले 'माझिया माहेरा' हे त्यांचे गाणे तुम्ही ऐकले असेल. सासरची लेक पाखराला माहेरी धाडते आहे. ती काही शेवटच्या रांगेसाठी बोलत नाही, मनाशीच बोलते. तिथे आवाज आवरावा लागतो, आणि आवरलेला आवाज सुरात ठेवायला तालीम लागते.

बरे, रंगभूमी त्यांनी सोडली का? नाही. १९४२ साली रांगणेकरांच्या 'कुलवधू'त, मास्तर कृष्णरावांच्या चालींवर, त्या नाटकातही तितक्याच गाजल्या. २००१ साली त्या गेल्या. दोन्ही तऱ्हांचे गाणे मागे राहिले आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक करून पाहा. वर्गात कविता शिकवताना मुलांकडून ती आधी नुसती वाचून घ्या. शब्द कुठे जोडायचा, दम कुठे घ्यायचा, ते ठरू द्या. मग चाल, तीही हळू आवाजात. मुले ओरडायची थांबली, की कवितेतला अर्थ त्यांचा त्यांनाच ऐकू येऊ लागेल.