मृत्युपत्राने मिळालेला पैसा आणि कराचा धसका

वडिलांची मुदत ठेव, काकांचे गंगापूर रोडवरील घर किंवा दिंडोरीकडची द्राक्षबाग मृत्युपत्राने आपल्याकडे आली की सरकार त्यातील वाटा करापोटी मागते, आणि तो भरल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव लागत नाही, अशी अनेकांची समजूत असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसाकराचा दाखला दिला आणि त्यावरून उठलेल्या वादाने या समजुतीला नवे खतपाणी मिळाले. वस्तुस्थिती अशी की भारतात असा कर आज अस्तित्वातच नाही, त्यामुळे तो देणाऱ्याने भरायचा की घेणाऱ्याने, हा प्रश्न येथे उद्भवत नाही.

तो एकेकाळी मात्र होता. इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत व्यक्तीच्या एकूण मालमत्तेवर आकारला जाणारा मृत्युकर, १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला आणि मोठ्या मालमत्तांच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर त्याचा दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत चढला. तरीही त्यातून वर्षाला जेमतेम वीस कोटी रुपये हाती लागत आणि त्या मानाने वसुलीचा खर्चच अधिक होई, असे कारण देऊन अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना हा कर लागत नाही. त्याला चार दशके उलटली, तरी कराची भीती मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आलेली दिसते. उद्या केंद्राने तो पुन्हा आणायचे ठरवले, तरी राज्यघटनेने शेतजमिनीवरील मृत्युकराचा विषय राज्यसूचीत ठेवलेला असल्यामुळे निफाडच्या बागायतदाराच्या जमिनीपर्यंत राज्याच्या संमतीवाचून दिल्लीला पोहोचता येणार नाही, ही बाब त्या निवडणुकीतील गदारोळात फारशी कोणी लक्षात घेतली नाही.

दुसरा गैरसमज प्राप्तिकराचा आहे. कोणत्याही आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून मिळालेल्या भेटरकमा पन्नास हजार रुपयांपुढे गेल्या की ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, हे खरे. पण मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली संपत्ती कायद्याने या नियमातून स्पष्टपणे वगळलेली आहे, आणि तेथे नात्याची अटही नाही. त्यामुळे एखाद्या मित्राने हयातीत दहा लाख रुपये दिले तर त्यावर कर लागतो, आणि तेच दहा लाख त्याने मृत्युपत्राने ठेवले तर लागत नाही. त्या रकमेच्या ठेवीवर पुढे मिळणारे व्याज किंवा घराचे भाडे मात्र नव्या मालकाचे उत्पन्न ठरते. येथे मालक म्हणजे वारस. केवळ नॉमिनी म्हणून नाव असलेली व्यक्ती मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या वादात स्पष्ट केले आहे.

खरा कर येतो तो विक्रीच्या वेळी, आणि नेमके याच बाबतीत बहुतेक वारस गाफील राहतात. मिळकत फुकट मिळाली म्हणून तिची किंमत शून्य धरायची, असे काहींना वाटते, तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरायचा, असे इतरांना वाटते. भारतीय कायद्यात यांपैकी एकही खरे नाही. वारसाला मिळकतीबरोबर तिचा इतिहासही मिळतो, म्हणजे मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याने ती बाळगलेला काळ, हे दोन्ही वारसाचेच मानले जातात. समजा, वडिलांनी १९८८ मध्ये घेतलेला भूखंड मुलाला २०१९ मध्ये मृत्युपत्राने मिळाला आणि त्याने तो २०२५-२६ मध्ये साठ लाखांना विकला. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यामुळे त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य किंमत म्हणून धरता येते, परंतु ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही. हे मूल्य तीन लाख असेल तर दीर्घकालीन भांडवली नफा सत्तावन्न लाख होतो आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी अधिभार व उपकर सोडून ७ लाख १२ हजार ५०० रुपये कर येतो. महागाई निर्देशांकाने किंमत वाढवून वीस टक्के भरण्याचा पर्याय निवडला, तर त्या वर्षीच्या ३७६ या निर्देशांकाने तीन लाखांचे ११ लाख २८ हजार होतात आणि कर पावणेदहा लाखांच्या आसपास जातो. वडिलांचे खरेदीखत आणि २००१ चा मूल्यांकन अहवाल जपून ठेवणे का आवश्यक असते, ते या आकड्यांवरून कळते.

शेतजमिनीचे गणित आणखी वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक महानगरपालिकेची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती, म्हणून तिच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन करपात्र भांडवली मालमत्ता ठरते. त्यापलीकडील जमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, मात्र ती सिन्नरसारख्या लहान नगरपालिकेच्या दोन किलोमीटरच्या कक्षेत येता कामा नये. हे अंतर रस्त्याने मोजायचे नसून हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजायचे असते.

मृत व्यक्तीचा स्वतःचा थकीत प्राप्तिकर मात्र बुडत नाही. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरायचे असते, आणि त्याची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच असते. त्यासाठी पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. फेरफार नोंदीसाठी प्राप्तिकराचा दाखला लागत नाही आणि मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्कही नसते. असे असताना केवळ कराच्या धसक्याने आईवडील हयातीतच घर बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करून देतात, हा या गैरसमजाचा सर्वांत महाग परिणाम म्हणावा लागेल, कारण बक्षीसपत्र नोंदवले की मालकी गेली, तर मृत्युपत्र अखेरपर्यंत बदलता येते.

परदेशाशी संबंध आला की चित्र पालटते. अमेरिकेतील संघीय मृत्युकर वारसावर नसून मृताच्या संपत्तीवर असतो आणि तो तिच्या व्यवस्थापकाने त्याच संपत्तीतून भरायचा असतो, तर न्यू जर्सीसारख्या राज्यात घेणाऱ्यावर वारसाकर आहे, पण पती, पत्नी आणि मुले त्यातून मुक्त आहेत. नाशिकहून वडिलांचा वारसा मिळालेल्या अमेरिकास्थित मुलीला तेथील संघीय कर लागत नाही. रक्कम एक लाख डॉलरपेक्षा अधिक असल्यास तिने फॉर्म ३५२० भरून तशी माहिती द्यावी लागते, आणि अनिवासी भारतीय म्हणून तिला आपल्या एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम बाहेर नेता येते. उलट, नाशिकमध्ये राहूनच अमेरिकी कंपन्यांचे शेअर थेट स्वतःच्या नावे घेणाऱ्या भारतीयाचे निधन झाले, तर त्या शेअरांना तेथील मृत्युकर लागतो. अमेरिकी नागरिकाला २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरपर्यंत असलेली सूट अशा परकी गुंतवणूकदाराला फक्त साठ हजार डॉलरपर्यंत मिळते, आणि त्यावरील रकमेवर दर ४० टक्क्यांपर्यंत चढत जातो.