जुने सहा सिलिंडरचे इंजिन: सुधारावे की बदलावे?

१९६५च्या फोर्ड मस्टँगमध्ये स्वस्तातला पर्याय म्हणून एका रांगेतल्या सहा सिलिंडरचे, २०० घन इंच म्हणजे सुमारे ३.३ लिटरचे इंजिन मिळे. कंपनीने जाहीर केलेली त्याची ताकद १२० अश्वशक्ती होती.

अशा इंजिनावर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन तपासतात. सगळे स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. सर्वांत कमी दाब सर्वाधिक दाबाच्या ७५ टक्क्यांखाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलेला असतो आणि इंजिन पूर्ण खोलावे लागते. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. तिथे बहुधा हेड उतरवून काम भागते.

दाब ठीक असला तरी ताकद वाढवण्याला मर्यादा आहे. या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड हेडसोबतच ओतलेला असतो. तो वेगळा काढून बदलता येत नाही. अरुंद मार्ग तसाच राहत असल्याने नुसता मोठा कार्बोरेटर बसवून फारसा फरक पडत नाही.

त्याऐवजी आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसवायचे तर खर्च इंजिनापाशी थांबत नाही. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाके चार नटांची, व्ही-८ची पाच नटांची. मागचा अ‍ॅक्सल, पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक आणि रेडिएटरही बदलावे लागतात. म्हणून बजेट बेताचे असेल, तर इग्निशन, कार्बोरेटरची सफाई आणि ब्रेक यांवर आधी पैसे घालावेत. जास्त ताकद हवीच असेल, तर मुळातच व्ही-८ असलेली गाडी घेणे बहुधा परवडते.