पेट्रोल अन् टेंपरेचरचे काटे एकदम बंद पडले? आधी फ्यूज बघा

लोणी काळभोर : सोलापूर महामार्गावर जुनी गाडी पळवताना टेंपरेचरचा काटा बंद असेल, तर इंजिन तापल्याचं कळत नाही अन् हेड गॅस्केट जाऊन मोठा खर्च बसतो.

दोन्ही काटे एकदम बिघडले, तर दोष बहुधा सामाईक जोडणीत असतो. आधी फ्यूज, मग मीटरची अर्थिंग तपासा. काही जुन्या गाड्यांत दोन्हींना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तोही बघा.

एकच काटा बंद असेल तर त्याचा सेन्सर बघा. टेंपरेचर सेन्सर एका वायरचा असेल, तर इंजिन थंड असताना चावी ऑन करून वायर काढा, क्षणभरच इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. काटा वर गेला तर मीटर चांगला. सेन्सर बदलावा लागेल.

पेट्रोलचा फ्लोट टाकीत असतो. तिथं ठिणगीचा धोका, म्हणून ते काम मेकॅनिकलाच द्या.