गोवर काय काय विसरायला लावतो

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ साली एका जहाजाबरोबर गोवर पोहोचला. बेटांची वस्ती ७,७८२. काही महिन्यांतच त्यांतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या एका तरुण डॉक्टरला तिकडे धाडलं. पानुम गावोगाव फिरला आणि कोण कधी आजारी पडलं याची बारीक नोंद करत गेला. बेटांवर याआधी गोवराची साथ आली होती ती १७८१ मध्ये. त्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. त्यांच्याच वयाचे, पण तेव्हा सुटलेले लोक मात्र या खेपेला सापडले.

मध्ये ६५ वर्षं गेली होती. तेवढ्या काळात बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता, तरी शरीराने त्याची ओळख जपून ठेवली होती. आपल्या देहात घडणाऱ्या गोष्टींत मला याहून थक्क करणारी गोष्ट माहीत नाही.

ही ओळख रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये राहते. त्यांतल्या बी-पेशी तयार होताना प्रतिपिंडं घडवणारी जनुकं पत्ते पिसावेत तशी पिसली जातात. त्यामुळे अक्षरशः कोट्यवधी प्रकारच्या पेशी निपजतात आणि प्रत्येक प्रकार वेगळाच आकार पकडू शकतो. हे कोडं सुसुमु तोनेगावा यांनी उलगडलं आणि १९८७ चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे जो जंतू बाळाने अजून पाहिलेलाही नाही, त्याला पकडणारी एखादी पेशी त्याच्या अंगात आधीपासूनच असते. जंतू आला की ती नेमकी पेशी भराभर वाढते. आजार सरला की तिच्या वंशातल्या काही पेशी मागे राहतात. त्या स्मृतिपेशी. काही पेशी हाडांच्या मगजात मुक्काम करून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात.

आता गोवराचा विषाणू काय करतो ते पाहा. श्वासातून आत गेल्यावर तो फुप्फुसातल्या रक्षक पेशींवरच स्वार होतो आणि तिथून लसीकाग्रंथींमध्ये पोहोचतो. पेशीत शिरायला तो ‘सीडी १५०’ नावाचं प्रथिन धरतो, आणि हे प्रथिन स्मृतिपेशींवर भरपूर असतं. म्हणजे तो नेमका तिथेच घुसतो जिथे आजवरच्या आजारांची ओळख साठवलेली आहे. मग शरीर आपल्याच बाधित पेशी मारायला घेतं. अंगावर उठणारं लाल पुरळ ही त्या लढाईची खूण. ज्यांची प्रतिकारशक्ती फार दुबळी असते, अशा मुलांच्या अंगावर कधी कधी पुरळ उठतच नाही.

ताप उतरतो, पांढऱ्या पेशींची संख्याही लवकरच पूर्ववत होते. पण नव्याने भरलेल्या पेशींत गोवर ओळखणाऱ्यांचाच भरणा जास्त असतो. गोवर स्वतःची आठवण जन्मभरासाठी ठेवतो आणि इतरांच्या आठवणी पुसतो.

याची पहिली चाहूल १९०८ मध्येच लागली होती. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांना दिसलं, की क्षयाच्या चाचणीला ज्या मुलांची कातडी आधी लाल व्हायची, त्यांना गोवर आला की तीच चाचणी कोरी निघते. त्यांचं शरीर क्षयाचा जंतू जणू ओळखेनासं झालं होतं. या विसरण्याचं मोजमाप व्हायला मात्र शंभरावर वर्षं जावी लागली. नेदरलँड्समधल्या एका समाजात धार्मिक कारणांनी लस घेत नाहीत. तिथल्या ७७ मुलांचं रक्त गोवर येण्याआधी आणि येऊन गेल्यावर तपासलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा कळलं की या मुलांनी आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. सर्दी-खोकल्याचे, न्यूमोनियाचे जंतू, ज्यांच्याशी मूल आधी झुंजून मोकळं झालं होतं, ते पुन्हा अनोळखी झाले. २०१५ च्या एका अभ्यासात जुन्या मृत्युनोंदींवरून असं दिसलं होतं, की गोवरानंतर इतर संसर्गांचा धोका दोन-तीन वर्षं वाढलेला राहतो.

‘लहानपणी गोवर येऊन गेलेला बरा, मूल घट्ट होतं’, हे आपल्याकडे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. गोवर आलेल्या लेकराच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवून रात्र जागवणाऱ्या बायकांची माया मला कधीच कमी वाटली नाही. त्यांच्या म्हणण्याचा अर्धा भाग पानुमनेही सिद्ध केला आहे. पण उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे आणि तो मुलांना महागात पडतो. गोवरातून उठलेलं मूल गोवरापुरतं घट्ट होतं, बाकीच्या बाबतीत कित्येक महिने उघडं पडतं. एरवी जेवणखाण, झोप, स्वच्छ पाणी, मोकळं खेळणं यांनी मूल निरोगी राहतं हे मलाही मान्य आहे. पण पुसलेली स्मृती पौष्टिक जेवणाने परत येत नाही.

लशीचं नवल इथे आहे. १९५४ मध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला. त्या मुलाच्या आडनावावरून या वाणाला ‘एडमन्स्टन’ म्हणतात. प्रयोगशाळेत पेशींवर पिढ्यान् पिढ्या वाढवत नेल्यावर तो इतका नरम झाला, की आपली ओळख करून देतो पण बाकीच्या आठवणींना धक्का लावत नाही. लस घेतलेल्या मुलांत प्रतिपिंडांची ती घट आढळली नाही. त्यातलीच एक शाखा पुढे झाग्रेबमध्ये आणखी नरमवली गेली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस याच एडमन्स्टन-झाग्रेब वाणाची आहे.

आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर का, असं अनेक आईबाप विचारतात. गर्भात असताना आईची प्रतिपिंडं बाळाकडे येतात आणि जन्मानंतरही काही महिने टिकतात. ती अंगात असताना लस दिली, तर लशीतल्या विषाणूलाच ती अडवतात आणि बाळ काही शिकत नाही. नऊ महिन्यांनाही सगळ्या बाळांत लस लागू पडत नाही, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. तो बूस्टर आहे, टळला तरी चालेल, असं समजू नये. पहिल्या वेळी ज्यांच्यात ओळख बसली नाही त्यांना ती दुसरी संधी असते.

गोवर झालेला एक माणूस, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून वस्तीतल्या ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. त्याखाली आकडा गेला की काय होतं ते २०२२ च्या अखेरीस मुंबईत दिसलं. गोवंडीच्या दाट वस्तीत साथ उठली आणि लेकरं दगावली. कोविडच्या काळात अनेकांचे डोस राहून गेले होते. त्यानंतर घरोघरी फिरून आशाताईंनी जी मुलं शोधून काढली, ते काम माझ्या लेखी कुठल्याही इस्पितळाच्या कामाइतकंच मोठं आहे. डोस चुकला असेल तर सरकारी केंद्रावर पाच वर्षांपर्यंत तो फुकट मिळतो.

गोवराचा विषाणू माणसाखेरीज कुठल्याही जनावरात ठाण मांडून राहत नाही. त्याचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे गुराढोरांचा बुळकांडीचा विषाणू. त्याने एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लशीच्या बळावर २०११ मध्ये तो पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर झालं.