नाण्यांवरील राजमुखाची दिशा

ज्या संग्राहकांपाशीं ब्रिटिश अमदानींतील चांदीचे रुपये आहेत, त्यांनीं राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पांचवा जॉर्ज व सहावा जॉर्ज यांचा एकेक रुपया ओळीनें मांडून पाहावा. पाहणाराच्या दृष्टीनें पहिलें मुख डावीकडे वळलेलें, दुसरें उजवीकडे, तिसरें पुन्हा डावीकडे. चौथें मात्र उजवीकडे असावयाचें तें डावीकडेच आहे. हा क्रमभंग टांकसाळीच्या कारागिराचा प्रमाद नव्हे.

नवा राजा गादीवर आला म्हणजे त्याचें मुख पूर्वीच्या राजाच्या उलट दिशेस दाखवावयाचें, असा इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रघात आहे. इ. स. १९३६ च्या जानेवारींत आठवा एडवर्ड राजा झाला. प्रघाताप्रमाणें त्याचें मुख उजवीकडे हवें होतें. परंतु त्यास आपली डावी बाजू अधिक पसंत होती, व नमुने तसेच तयार झाले. तीं नाणीं चलनांत येण्यापूर्वीच, डिसेंबरांत, त्यानें राज्यत्याग केला. पुढें सहाव्या जॉर्जच्या वेळीं, एडवर्डचें मुख उजवीकडेच झालें असतें असें धरून चालण्यांत आलें, आणि म्हणून नव्या राजाचें मुख डावीकडे आलें. व्याकरणांत लोप पावलेला प्रत्यय आपलें कार्य मागें ठेवतो. न निघालेल्या नाण्याचेंही येथें तसेंच झालें आहे.

यावरून आठव्या एडवर्डच्या नांवाचें हिंदुस्थानांतील प्रत्येक नाणें बनावट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. कच्छचे महाराव खेंगारजी यांनीं १९३६ सालीं पाडलेल्या कोरीनाण्यांवर त्याचें नांव आहे, मुख नाहीं. त्या संस्थानाच्या टांकसाळींत बादशहाचें नांव अक्षरांनींच घालण्याची चाल असल्यामुळें मुखाच्या ठशाची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

प्रघात अद्यापि चालू आहे. राणी दुसरी एलिझाबेथ हिचें मुख उजवीकडे असे. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं ती निवर्तली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत चलनांत आलेल्या पन्नास पेन्सच्या स्मारक नाण्यावर तिसऱ्या चार्ल्सचें मुख डावीकडे असून, मागील बाजूस मातेच्या १९५३ च्या राज्याभिषेकनाण्यावरील आकृति पुन्हा घेतली आहे. एका अंगास नव्याचा अंमल, दुसऱ्या अंगास जुन्याचें स्मरण.

आमचें सांगणें इतकेंच कीं, मुखाची दिशा ही सूचक आहे, निर्णायक नव्हे. नाण्यावरील लेख व वर्ष यांशीं ती ताडून पाहिल्यावांचून कोणतेंही नाणें खोटें म्हणून टाकूं नये.