रूम खाली करताना

महिना संपत आला की नालासोपारा-विरारच्या गल्ल्यांमधून टेम्पो उभे दिसू लागतात. पलंगाच्या सुट्या फळ्या, दोरीने आवळलेल्या गाद्या, चादरीत गुंडाळलेला टीव्ही. भाडेकरार बहुतेक 11 महिन्यांचे, त्यामुळे सामानाची ही चढउतार बाराही महिने चालते. भाड्यावरून वाद होतातच, पण ताबा घेताना मी जे वाद पाहिलेत ते बहुतेक सामानावरून पेटलेले.

आचोळे रोडला माझ्या मावशीची वन बीएचके रूम आहे. तिला आता जिने चढवत नाहीत, म्हणून भाडेकरू निघाला की बघायला मी जातो. गेल्या खेपेला पावसाळा नुकताच सरला होता. टेम्पोवाल्याच्या पोराने बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत दिसली. छातीपर्यंत ओल चढलेली, रंगाला फुगे आलेले, बोट लावलं की पोपडा गळून पडत होता. बुरशीचा काळा डाग नेमका कपाटाएवढा, त्याच्या बाहेरची भिंत बरीचशी कोरडी. कपाटाचीही तीच गत. पाठीच्या प्लायचे पदर सुटले होते, आणि भुशाच्या बोर्डाचा तळ इतका फुगला होता की स्क्रू हाताने बाहेर आला.

मावशी फोनवर म्हणाली, “भिंत घालवली रे त्यांनी. डिपॉझिटमधून कापून घे.” भाडेकरू ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, भिंतीने आमचं कपाट घालवलं, त्याचं काय?”

दोघींचंही खोटं नव्हतं. ती भिंत बाहेरच्या बाजूची, पावसाच्या माऱ्यातली. गिलाव्याला भेगा गेल्या की पाणी आत झिरपणारच, आणि ते काम सोसायटीचं नि मालकाचं. कपाट भिंतीला टेकवून ठेवल्याने तिला वारा लागला नाही, म्हणून बुरशी धरली, एवढाच भाग भाडेकरूचा. चार बोटं जागा सोडा, हे त्यांना आधी कुणी सांगितलं होतं? मी मावशीला स्पष्ट सांगितलं, भिंतीचे पैसे कापायचे नाहीत. ती रुसली, पण तिने ऐकलं.

बाकीच्या गोष्टी तशा किरकोळ. पडद्यांच्या दांड्यांची भोकं व्हाइट सिमेंटने बुजतात, बाथरूमच्या टाइलमध्ये मारलेलं भोक मात्र बुजत नाही, अख्खी टाइल बदलावी लागते. एसीच्या पाइपसाठी भिंत फोडायची तर आधी विचारलं पाहिजे. टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्याने नळांवर चढलेला पांढरा थर ही वापरातली झीज आहे. तिचे पैसे मागणं मला पटत नाही.

तळमजल्याची गोष्ट वेगळी. जुलै 2018 च्या पुरात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, वसई-विरारची लोकल बंद पडली, घराघरांत पाणी शिरलं. मालकाने फर्निचरसकट दिलेल्या रूममधला बॉक्स-बेड अशा पाण्यात फुगला, तर त्याची भरपाई भाडेकरूने का द्यावी? तळमजला भाड्याने देणाऱ्याने लोखंडी खाट द्यावी हे बरं.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कुलूप तोडून पलंग जिन्यात आणून ठेवणं हा मार्ग नव्हे. उलट 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 63 सांगतं की परवाना रद्द झाल्यावरही जागा सोडायला आणि आपलं सामान न्यायला माणसाला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. नव्या घराची चावी मिळायला दोन दिवस उशीर झाला म्हणून कपाट राहिलं, तर तेवढं थांबावं.

मावशीच्या नव्या भाडेकरूच्या वेळी मी आणि तो रिकाम्या रूममध्ये उभे राहिलो. पंखे, ट्यूब, गीझर, खिडकीच्या जाळ्या, नळ, टाइल, सगळ्याची यादी केली, भिंतींचे आणि विजेच्या मीटरचे फोटो काढले, खाली दोघांच्या सह्या घेतल्या. कपाट भिंतीपासून किती लांब ठेवायचं तेही त्यात लिहिलं. अर्धा तास लागला. वसई-विरारला रूम भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं, आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगा पावसाळ्याआधी बुजवून घ्याव्यात. डिपॉझिट कापायची भाषा त्यानंतर.