जेंबे शिकूं इच्छिणारांस

जेंबे हें पश्चिम आफ्रिकेंतील गिनी व माली या देशांतील मालिंके लोकांचें वाद्य होय. एकसंध लांकूड पेल्याच्या आकाराचें कोरून त्याच्या मुखावर बकऱ्याचें कातडें दोरांनीं ताणून बसवितात. तळ मोकळाच असतो. वादन केवळ हातांनीं करावयाचें.

नवशिक्यानें प्रथम तीन आघात साधावे. मुखाच्या मध्याकडे सबंध तळहात पडला म्हणजे खर्ज निघतो. कडेवर बोटें जुळवून मारलीं म्हणजे मोकळा नाद. तींच सैल सोडलीं म्हणजे तीव्र थाप. बसून वाजवितांना वाद्य किंचित् कलतें धरावें, नाहींतर तळ जमिनीस टेकून खर्ज कोंडतो.

मोठ्या आवाजाच्या हौसेनें पुष्कळ जण जोरानें बडवितात व बोटें सुजवून घेतात. परंतु नाद बळानें नव्हे, तर आघात होतांच हात वर येऊं दिल्यानें खुलतो. तबला शिकणारांस हें ठाऊकच आहे.

मालिंके वादक मेळानें वाजवितात. काठीनें वाजणारे दुनुन नांवाचे दुतोंडी ढोलही साथीस असतात. नवशिक्याच्या वांट्यास एकच लहानसा ठेका येतो. तो डळमळला, तर मुख्य वादकाचें कौशल्यही व्यर्थ जातें. म्हणून, विद्यार्थ्यांनो, हाताबरोबर कानही तयार करा.